तसबिरीमागचा मजकूर

(देवळाच्या जीर्णोद्धारानिमित्त वरळी येथे भरलेल्या मुंबईकर ग्रामस्थांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर. घरच्या मंडळींच्या इच्छेवरून संबंधित कुटुंबांची नावे छापलेली नाहीत.)



देवळाच्या कामासाठी बोलावलेल्या सभेत लढाईची हकीकत कशाला, असे कोणाच्याही मनात येईल. परंतु जीर्णोद्धाराच्या पावतीपुस्तकात पाचशे एक रुपयांची एक पावती आहे. ती आपल्या गावच्या माणसाची नाही, आपल्या तालुक्यातलीही नाही. ती फाडताना खजिनदारांचा हात थोडा वेळ थांबला होता. तो का थांबला, हे सांगायचे तर आबांच्या तसबिरीपासूनच सुरुवात करावी लागते.

आबांना या सभेतील पिकल्या केसांची सगळी मंडळी ओळखतात. लढाईहून परतल्यावर ते वरळीच्या बीडीडी चाळीत आले. त्या चाळींचा इतिहास येथे वेगळा सांगायला नको. १९२० नंतरच्या काळात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने त्या बांधल्या. वरळीतच एकशे एकवीस चाळी, चाळीला ऐंशी खोल्या आणि खोली एकशे साठ चौरस फुटांची. कायदेभंगाच्या चळवळीत सरकारने यांतल्या काही चाळींचा तुरुंगही केला होता. आबांच्या वेळी आपल्या गावची खोली म्हणजे गावकीची खोली. दिवसपाळीचे लोक उठले की त्यांच्याच वळकटीवर रातपाळीचे लोक आडवे व्हायचे. आबा साचेखात्यात लागले, पुढे त्यांचे बिऱ्हाड झाले, मुले झाली. १९८२ चा संप होण्याआधीच ते गिरणीतून निवृत्त झाले होते. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षे लोटली.

त्यांच्या खोलीत देव्हाऱ्याच्या उजव्या बाजूला एक तसबीर होती. लष्करी पोशाखातले तीन तरुण. डावीकडे बसलेले आबा, मधे एक उंच जवान उभा, त्याचा हात आबांच्या खांद्यावर, आणि उजवीकडे तिसरा, टोपी जरा तिरकी घातलेला. दर वर्षी ९ एप्रिलला आबा त्या तसबिरीला हार घालीत. शेजारच्या खोल्यांतल्या लोकांचा समज असा की मधला जवान आबांचा भाऊ असावा. आबांनी तो समज कधी दूर केला नाही.

लढाईविषयी ते फारसे बोलत नसत. मुलांनी फारच आग्रह केला तर तसबिरीवर बोट ठेवून एखादी गोष्ट सांगत, आणि तीही बहुतेक किरकोळच. तसबिरीत त्यांच्या डाव्या खिशाचे बटण उघडे दिसते. ते का? तर निघताना आईने आपल्या देवाचा अंगारा पुडीत बांधून दिला होता, ती पुडी खिशात फुगून राही आणि बटण लागत नसे. अंमलदाराने दोनदा दटावले, तरी पुडी काढली नाही. ती पुडी बसऱ्याला गेली, तेथून सीरियाच्या बाजूला आणि १९४३ च्या सप्टेंबरात इटलीच्या तारांतो बंदरात उतरली. आपल्या देवाने एवढा प्रवास केला आहे, हे जीर्णोद्धाराच्या वेळी नोंदवून ठेवायला हरकत नाही.

आबांची पलटण म्हणजे पाचव्या मराठा लाईट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण. ती आठव्या हिंदी डिव्हिजनमध्ये होती. इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांवर हिंदी सैनिक लढले आणि त्यांतले ५,७८२ परत आले नाहीत. नकाशावरून बोट फिरवावे तशी ही लढाई पुढे सरकली नाही. एक नदी ओलांडावी तर पुढे दुसरी, एक डोंगर घ्यावा तर त्यामागे दुसरा, आणि हिवाळ्यात खेचरांच्या पाठीवरून बर्फातून दारूगोळा न्यायचा. आबांना मात्र आठवण यायची ती खाण्याची. एका शेतकऱ्याच्या घरी म्हातारीने मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा शिजवून फळीवर ओतला आणि दोऱ्याने कापून वाढला. “आपल्या पिठल्याची थोरली बहीण, फक्त मिरची नाही,” असे ते म्हणत.

आणखी एक आठवण ते आवडीने सांगत. १९४४ च्या उन्हाळ्यात फ्लॉरेन्स शहराच्या अलीकडे मोंतेगुफोनी नावाच्या एका जुन्या गढीत मराठ्यांचा मुक्काम पडला. शहरावर बाँब पडतील या भीतीने तिकडच्या संग्रहालयांतली नामांकित चित्रे त्या गढीत आणून ठेवली होती. बोत्तिचेल्ली या थोर चित्रकाराचे वसंत ऋतूचे चित्र त्यांतच होते. जगभरचे लोक जी चित्रे पाहायला तिकीट काढून जातात, ती तेथे भिंतीला टेकवून ठेवलेली आणि त्यांच्याजवळ मावळ-कोकणातली पोरे रायफल घेऊन उभी! आबांना चित्रकाराचे नाव ठाऊक नव्हते. ते एवढेच म्हणत, “माणसापेक्षा मोठ्या तसबिरी. हात लावायचा नाही असा हुकूम होता. कुणी लावला नाही.”

तिघांचा फोटो त्याच उन्हाळ्यातला. एका लहानशा गावात फोटोवाल्याने सिगारेटची पाकिटे घेऊन तो काढला आणि प्रत एकच दिली. पाकिटे मधल्या जवानाची होती. त्याचे गाव वरंध घाटाच्या वरच्या अंगाला. आपल्या महाड तालुक्याच्या माणसाला घाट चढला की त्याचे घर, म्हणून दोघांची दोस्ती.

आता ९ एप्रिलची गोष्ट. १९४५ साली त्या दिवशी सेनिओ नदीवर हल्ला झाला. ही नदी रुंदीने काही मोठी नाही, परंतु दोन्ही तीरांना पुराचे उंच बांध आहेत आणि जर्मनांनी त्या बांधांच्या पोटातच मोर्चे खणले होते. दुपारपासून विमानांनी आणि तोफांनी भडिमार केला, मग संध्याकाळी पायदळ पुढे गेले. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील निमज गावचे नामदेव जाधव हे या पलटणीत कंपनी कमांडरचे निरोपे होते. गळ्याइतक्या पाण्यातून पलीकडे जाताच मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले जवळजवळ सगळे पडले. जाधवांनी दोन जखमींना एकामागून एक उचलून, पाण्यातून, बांध चढून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणले. मग एकटेच परत गेले. हाताला गोळी लागून बंदूक धरवेना, तेव्हा हातबाँबवर भागवले आणि मशीनगनची तीन ठाणी बंद पाडली. शेवटी बांधाच्या माथ्यावर उभे राहून मराठ्यांची गर्जना करीत त्यांनी मागच्या कंपन्यांना हात केला. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते १९८४ पर्यंत हयात होते. जखमींना मागे आणले हे त्यांच्या पराक्रमाचे अर्धे अंग आहे आणि सांगताना लोक ते पुष्कळदा गाळतात, म्हणून येथे मुद्दाम सांगितले.

तसबिरीतला उंच जवान त्या बांधावर पडला. आबा हेडक्वार्टर कंपनीत, मागे होते.

१९४६ साली सुटून आल्यावर आबा घाट चढून दोस्ताच्या घरी गेले, एवढे त्यांनी आपल्या पत्नीला सांगितले होते. दोस्ताच्या आईने पाय धुवायला पाणी दिले, भाकरी वाढली आणि विचारले, “त्याला कुठं ठेवून आलास?” सरकारी कागद येऊन वर्ष झाले होते. तो कागद चुकीचा आहे, असे तिचे म्हणणे. पाच वर्षांनी परतलेले लोक आहेत, याला उशीर लागतो आहे इतकेच. आबा रात्रभर राहिले आणि पहाटे निघाले. काय बोलणे झाले ते त्यांनी कधीच सांगितले नाही. त्यानंतर दर दसऱ्याला ते तिला मनीऑर्डर करीत. पगार बेताचा, घरात खाणारी तोंडे पाच, पण ती चुकली नाही. १९६० च्या सुमारास ती परत आली. फॉर्मवर शेरा होता, घेणार मयत.

हे सगळे घरच्यांना माहीत होते. एक गोष्ट मात्र माहीत नव्हती.

वरळीच्या चाळींच्या जागी इमारती उभ्या राहू लागल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या आणि पुढच्या चाळींतही बांधाबांध सुरू झाली. अशा वेळी काय होते ते सर्वांनी पाहिले आहे. पत्र्याच्या पेट्या, पाटे-वरवंटे, फुटक्या काचांच्या तसबिरी जिन्याखाली जमा होतात आणि भंगारवाला हातगाडी लावून उभा असतो. आबांच्या तसबिरीची काच तडकलेली होती, मागची फळी वाळवीने खाल्ली होती. सुनेने ती बाजूला काढली होती, ती टाकण्यासाठी नव्हे, पण ठेवायची कोठे हेही ठरले नव्हते. नातवाने चौकट बदलून घ्यायची म्हणून खिळे उपसले. फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिले होते. वर जवानाचा नंबर, नाव, गाव. खाली तारीख ८-४-४५. आणि त्याखाली दोनच शब्द, आईस देणे.

अक्षर आबांचे नव्हते.

म्हणजे ती तसबीर आबांची नव्हतीच. हल्ल्याच्या आदल्या दिवशी, मागे राहणाऱ्या दोस्ताच्या हाती दिलेली ती ठेव होती. ती घेऊन आबा घाट चढले होते आणि ती तशीच घेऊन उतरले. का? फोटो हातात ठेवला असता तर त्या माउलीला कागद खरा मानावा लागला असता, हे एक कारण दिसते. दुसरेही असू शकेल. दोस्ताचे तेवढेच रूप उरले होते आणि ते हातातून सोडवेना. माणसाचे मन एकाच कारणावर चालत नाही. आबांची चूक झाली असे म्हणणारे चाळीत निघाले, आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही, कारण ठेव ही पोचवायची असते. परंतु त्या अंगणात बसून ते सांगणे ज्याच्यावर आले त्याचे वय तेव्हा चोवीस होते, हेही लक्षात घ्यावे.

नातवाने नाव-नंबर घेऊन शोध केला. इटलीतील फोर्ली या गावी हिंदी सैनिकांचे एक युद्धस्मारक आहे. ज्यांना अग्नी दिला अशा सातशेहून अधिक जवानांची नावे तेथे कोरली आहेत. त्यांत ते नाव मिळाले. आपल्या शेजारच्या माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे सर्वांना परिचित आहेत. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात सगळे साथी पडल्यावर ते एकटे मशीनगनवर धावून गेले, गोळ्या बदलायला वेळ नाही म्हणून बंदूक नळीकडून धरून लढले आणि तेथेच त्यांना मरण आले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या या वीराचा पुतळा माणगावात आहे. जुलै २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने या गावाने त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन शब्द त्यावर आहेत. घाडग्यांना पुतळा मिळाला, घड्याळ मिळाले, आणि ते योग्यच झाले. आबांच्या दोस्ताला परक्या देशातल्या दगडावर एक ओळ मिळाली. त्याच्या गावाला ती ओळही ठाऊक नव्हती.

दिवाळीनंतर नातू आणि आपल्या मंडळाचे दोघे कार्यकर्ते घाट चढून गेले. घर सापडले. जवानाचा पुतण्या, आता सत्तरी ओलांडलेला, अंगणात भात वाळवीत होता. फोटो हातात दिल्यावर तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “यातला आमचा कोणता?”

त्या घरात त्या जवानाचे एकही चित्र नव्हते. पुतण्याने चुलत्याचे तोंड कधी पाहिलेच नव्हते. त्याला आठवत होती ती दसऱ्याची मनीऑर्डर. पोस्टमन पाठवणाऱ्याचे नाव मोठ्याने वाची. आजी म्हणे, “दोस्ताच्या हातानं पाठवतोय. येईल.” आबांनी पाठवलेल्या पैशाने तिची आशा दर वर्षी नवी होत होती, हे आबांना कळले असेल की नाही, कोण जाणे.

मूळ फोटो तेथेच राहिला. त्याची प्रत आबांच्या नव्या घरी लागेल. दुसरी एक प्रत सभामंडपात लावावी अशी सूचना आली, त्यावर दोन बैठका झाल्या. देवाच्या दारात माणसांच्या तसबिरी नकोत, हे जुन्या मंडळींचे म्हणणे मान्य होऊन ती प्रत देवळाच्या कचेरीत लावण्याचे ठरले आहे. मात्र तिघांची नावे, नंबर आणि गावे या वेळी पाठीवर नव्हेत, खाली दर्शनी बाजूला लिहिली जातील.

निघताना पुतण्याने पाचशे एक रुपये काढून दिले. अंगाऱ्याची हकीकत त्याने नुकतीच ऐकली होती. पावती माझ्या नावाने नको, चुलत्याच्या नावाने फाडा, असे त्याने सांगून पाठवले. खजिनदारांनी नावाआधी ‘कै.’ लिहायला घेतले, तेव्हा नातवाने त्यांना थांबवले आणि पुतण्याचा निरोप सांगितला. “ते अक्षर आमच्या आजीनं घरात कधी लिहू दिलं नाही.”

पावती क्रमांक टाकून तयार आहे. नाव नुसतेच लिहिले आहे.