‘तुला पाणी हवंय?’



धनपाल कवीने विक्रम संवत 1029 मध्ये, म्हणजे इ. स. 972-73 च्या सुमारास, याच धारानगरीत आपल्या धाकट्या बहिणीसाठी, सुंदरीसाठी, ‘पाइअलच्छी नाममाला’ हा प्राकृत कोश रचला. एका मुलीसाठी अख्खा कोश! आज मला अशाच एका मुलाच्या भाषेविषयी बोलायचे आहे.

देवासच्या मराठी घरातला पाच वर्षांचा स्वमग्न मुलगा. तहान लागली की म्हणे, ‘तुला पाणी हवंय?’ बाहेर निघताना म्हणे, ‘मी येते.’ घरात हसू होई. मी सल्ला दिला : मराठी बंद करा, शाळेची हिंदीच बोला. आजीची हिंदी बाजारापुरती. ती नातवाशी बोलेनाशीच झाली. दोन वर्षांनी मुलगा म्हणू लागला, ‘तुझे पानी चाहिए?’

दोष मराठीत नव्हताच, माझ्या सल्ल्यात होता.

लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये अशा 11 मुलांचे वर्णन केले, त्यातही सर्वनामांची हीच अदलाबदल आहे. असे मूल पुष्कळदा वाक्य फोडत नाही, अख्खे उचलते. पाणी मिळताना जे कानी पडले, तेच त्याच्या लेखी पाणी मागण्याचे वाक्य.

त्यात आपले क्रियापद बोलणाऱ्याचे लिंगही सांगते : येतो, येते. अरबीत ‘तू’बरोबरचे क्रियापद मुलाला वेगळे, मुलीला वेगळे, ‘मी’बरोबरचे मात्र दोघांना एकच. आपला मुलगा दिवसभर आई-आजीच्या तोंडून ‘येते’ ऐकतो आणि तेच म्हणतो. त्याने ऐकण्यात चूक केलेली नसते.

मग करावे काय? त्याने पेल्याकडे हात नेला की प्रश्न विचारू नका. त्याच्या वतीने ‘मला पाणी हवंय’ म्हणा आणि लगेच पाणी द्या. दारातून निघताना वडिलांनी, आजोबांनी ‘मी येतो’ म्हणावे, रोज. हसू नये, रागावू नये. वाचा-उपचारतज्ज्ञाकडे लवकर जावे. मी होमिओपॅथ आहे, पण व्याकरणाची गोळी माझ्या पेटीत नाही. आणि दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाची भाषा खुंटते, असे आजवरच्या अभ्यासांत दिसलेले नाही.

त्या आजींची मी क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, ‘डॉक्टर, आता बोलू ना त्याच्याशी?’

आपल्या धार-देवासच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी टिकली ती अशा आज्यांमुळे. ज्या नातवाला ती सर्वांत उशिरा येणार, त्याच्याशीच ती आधी बंद करू नका.