काबूलच्या मुलींचा वाद्यवृंद
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला सभासदांपैकी एकीने काही माहितीपर बोलावे, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. यंदा तो मान चिटणीसबाईंनी मला दिला, आणि 'प्रवास' हा विषयही त्यांनीच सुचवला. प्रवास म्हटला की आपल्याला काशी-रामेश्वर आठवते. मी मात्र आज काबूलच्या मुलींचा प्रवास सांगणार आहे. तेरा ते वीस वर्षांच्या या मुली आपापली वाद्ये घेऊन युरोपात हिंडून आल्या. त्यांच्याविषयी वर्तमानपत्रांत पुष्कळ छापून आले आहे. त्यातले जे इंग्रजीत होते, ते माझ्या भाचीने मला बसून वाचून दाखवले.

काबूलचे गाणे आपल्याला अगदीच परके नाही बरे का. दीडशे वर्षांपूर्वी तिथल्या अमीर शेर अली खानाने आपल्या देशातले उस्ताद दरबारी नेले. खराबात नावाच्या गल्लीत त्यांची बिऱ्हाडे थाटली गेली. तेव्हापासून तिथे राग तेच, तबला तोच. तिथले मोठे गवई उस्ताद सराहंग यांनी तालीम घेतली ती पतियाळा घराण्याची. आपले सरोद हे तिकडच्या रबाबापासून निघाले, असे जाणकार मानतात.

अशा देशात १९९६ साली तालिबानचे राज्य आले आणि गाण्यावर बंदी झाली. वाद्ये जाळली, कॅसेटी फोडून त्यांच्या फिती खांबांना लटकवल्या. लग्नघरातसुद्धा वाजंत्री वाजेना. २००१ साली ते राज्य गेले, तोपर्यंत एक अख्खी पिढी सुरांवाचून वाढली होती.

डॉ. अहमद सरमस्त या गृहस्थांचे वडील नामांकित संगीतकार. स्वतः डॉक्टर ऑस्ट्रेलियात शिकून मोठी पदवी मिळवलेले. ते मायदेशी परतले आणि २०१० साली त्यांनी काबूलमध्ये संगीताची शाळा उघडली. निम्म्या जागा अनाथ मुलांना आणि रस्त्यावर विक्री करून पोट भरणाऱ्या मुलांना. मुलगे-मुली एकत्र शिकणार. सकाळी कुराण, गणित, भाषा आणि त्याच्या जोडीला रबाब, सतार, तबला, व्हायोलिन, बासरी. पुढे एका विद्यार्थिनीने त्यांच्याकडे हट्ट धरला की मुलींचा वेगळा वृंद काढा. त्यातून 'झोहरा' जन्माला आला. फारसी साहित्यात झोहरा ही संगीताची देवता. तिचेच नाव दिले.

हे सुखासुखी झाले नाही. डिसेंबर २०१४ मध्ये या शाळेच्या मुलांचा कार्यक्रम चालू असताना एका तरुणाने सभागृहात स्वतःसकट बॉम्ब उडवला. डॉक्टर सरमस्त पुढच्या बाजूला बसले होते. डोक्यात तुकडे घुसले, ऐकू येणे गेले. ऑस्ट्रेलियात शस्त्रक्रिया झाल्या, कान काहीसे सुधारले, आणि ते पुन्हा काबूलला येऊन शाळेत हजर झाले.

आता या वृंदातल्या एका मुलीविषयी सांगते. तिचे नाव नगीन खपलवाक. कुनार नावाच्या डोंगरी भागातली, पठाणांच्या घरची. गावात मुलीला शिकवण्याची सोय नाही, म्हणून बापाने तिला लहानपणीच काबूलच्या अनाथाश्रमात ठेवले. बापाच्या जिवंतपणी लेकीला अनाथाश्रमात ठेवायचे, ते केवळ तिला अक्षर यावे म्हणून! तिथून ती संगीतशाळेत गेली. आधी चोरूनच शिकली. मग धीर करून बापाला सांगितले. घरातले बाकी सगळे विरुद्ध गेले. आमच्या जातीत पुरुषसुद्धा वाजवीत नाहीत, पोरीने काय वाजवायचे, असे म्हणाले. दूरचित्रवाणीवर तिला पाहिल्यावर चुलत्यांनी मारण्याची धमकी दिली. एकटा बाप तिच्या बाजूने उभा राहिला. ती मुलगी पुढे त्या वृंदाची संचालक झाली, म्हणजे समोर उभी राहून हातातल्या काडीने सगळ्यांना वाजवायला लावणारी.

जानेवारी २०१७ मध्ये झोहराच्या तिसेक मुली युरोपात गेल्या. पहिला मुक्काम स्वित्झर्लंडमधले डावोस. तिथे दरवर्षी जगभरचे मंत्री आणि उद्योगपती जमतात. त्या परिषदेच्या समारोपाला या मुली वाजवणार होत्या. सगळीकडे बर्फ. पण काबूल डावोसपेक्षा उंचावर आहे, तेव्हा बर्फाचे त्यांना काय नवल! नवल असेल ते याचे, की सभागृहात पुरुष बसले आहेत, आपण त्यांच्यासमोर वाजवतो आहोत, आणि कोणी उठून ओरडत नाही. तिथून झुरिक, जिनिव्हा, मग जर्मनीत बर्लिन आणि वायमार.

असा दौरा म्हणजे मौज नसते. आपल्या भजनी मंडळातल्या बायकांना हे पटेल. हवा दमट झाली की तबल्याची पुडी उतरते, थंडीने तारा हलतात. प्रत्येक गावी आधी तासभर सूर जुळवायचा, मग पोटात दोन घास. शिवाय रबाब आणि व्हायोलिन एकत्र वाजवायची, तर दोघांनी एकमेकांसाठी थोडे थांबायला शिकावे लागते.

युरोपातल्या मुलांना अशा दौऱ्याचे अप्रूप नाही. तिथे १९७६ सालापासून देशोदेशीच्या तरुण मुलामुलींचा एक वाद्यवृंद आहे. निवड झाली की मुले पिशवी भरून निघतात, घरचे स्टेशनवर पोचवायला येतात. आमच्या या काबूलच्या मुलींच्या पिशवीबरोबर मात्र घराण्याची अब्रू, चुलत्यांचा राग आणि गावाची बोलणी असे सगळे ओझे चढते. त्या ते घेऊन गेल्या, वाजवले आणि परत आपल्या देशी आल्या. २०१८ साली स्वीडनचे मानाचे पोलर संगीत पारितोषिक त्यांच्या शाळेला आणि डॉक्टर सरमस्तांना मिळाले. २०१९ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्येही झोहराने वाजवले.

आणि मग १५ ऑगस्ट २०२१ आला. तालिबान पुन्हा काबूलमध्ये शिरले. त्या दिवशी नगीन घरी होती. तिने ढोल लपवायची धडपड केली. मग दौऱ्यांची छायाचित्रे, वर्तमानपत्रांतली कात्रणे जमिनीवर गोळा केली आणि स्वतःच्या हाताने पेटवून दिली. घरात ती सापडली असती तर जीव गेला असता. भगिनींनो, आपण लग्नातले फोटो कपाटाच्या तळाशी फडक्यात गुंडाळून जपतो. आयुष्यातल्या सगळ्यांत चांगल्या दिवसांची राख करताना त्या मुलीला काय वाटले असेल, ते मी सांगायला नको. पुढे ती अमेरिकेला गेली.

त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात शाळेतली मुले, शिक्षक आणि काहींचे कुटुंबीय असे २७३ जण विमानांनी कतारला नेले, आणि डिसेंबरात पोर्तुगालने त्यांना आसरा दिला. पुष्कळ मुले आईबापांना मागे ठेवून आली. बाराचौदा वर्षांची मुलगी, परका देश, परकी भाषा, आणि घर फक्त फोनवर! तिथे ब्रागा नावाच्या गावी त्यांचे शिक्षण पुन्हा सुरू झाले. मुलामुलींचा वृंद पुन्हा हिंडू लागला. मार्च २०२४ मध्ये इंग्लंडला जायचे तर आधी परवाने नाकारले. लोकांनी आवाज उठवला तेव्हा मिळाले. मग लंडन, लिव्हरपूल, बर्मिंगहॅम, मँचेस्टर येथे ती वाजवून आली. आज त्यांना सारा युरोप मोकळा आहे. वाद्य घेऊन जाता येत नाही ते एका स्वतःच्या गावाला. तिकडे हेरातमध्ये २०२३ साली पुन्हा वाद्यांची होळी झाली.

आता आपल्या घरचे बोलते. आपल्या मंडळाच्या तबला-पेटीच्या वर्गातल्या मुलींना पुढच्या महिन्यात बाहेरगावच्या संगीत महोत्सवाचे बोलावणे आले आहे. दोन रात्रींचा मुक्काम. अकरा मुलींपैकी सहांच्याच घरून होकार आला. बाकीच्या आयांच्या शंका मी ऐकल्या. अभ्यास बुडेल, बरोबर कोण जाईल, झोपायची सोय कशी, हे प्रश्न योग्यच आहेत आणि आईने ते विचारलेच पाहिजेत. त्यांची उत्तरे आपण ठरवू शकतो. सभासदांपैकी तिघी बरोबर जातील. मुक्काम एका खोलीत एकत्र, रोज रात्री घरी फोन. ज्यांना यायचे त्या आयांनी स्वखर्चाने जरूर यावे.

परंतु चौथा प्रश्न 'लोक काय म्हणतील' हा आहे, आणि त्याचे उत्तर मंडळाच्या ठरावाने मिळत नाही. शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडेही घरंदाज बाईने चारचौघांत गायचे नव्हते. हिराबाई बडोदेकर व्यासपीठावर बसून, तिकीट लावून गायल्या, म्हणून आज आपल्या मुली शाळेच्या संमेलनात निर्धास्त गातात. कोणीतरी आधी बोलणी खाल्लेली असतात.

नगीनच्या मागे सगळे घर उभे नव्हते, एकच माणूस होता. तेवढ्यावर ती निघाली. आपल्या मुलींच्या वाटेत बॉम्ब नाही, बंदूक नाही. एसटीचा प्रवास आणि शेजारणीचे दोन शब्द, एवढेच. तेव्हा उरलेल्या पाच घरांत त्या एका माणसाची जागा आईने घ्यावी, अशी माझी हात जोडून विनंती आहे. नावे शुक्रवारपर्यंत चिटणीसबाईंकडे द्यायची आहेत.