गेमच्या कॉम्प्युटरला गटाचं कर्ज

लावणी उरकत आली असेल, कंबर जरा सरळ झाली असेल, म्हणून आज एक वेगळा विषय घेऊन आले आहे.

गेल्या दिवाळीआधी आमच्या बचतगटाच्या बैठकीत मी कर्जाचा अर्ज ठेवला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, मुलाला गेम खेळायचा कॉम्प्युटर जोडायचा आहे. सगळ्या गप्प. आमच्या वहीत खत, म्हैस, शाळेची फी, बाळंतपण अशी कारणं असतात. गेम पहिल्यांदाच. अध्यक्षताई हळूच म्हणाल्या, "अगं, शिक्षणासाठी लिही की. कोण बघायला येतंय?" मी म्हटलं, ताई, आहे ते राहू द्या. एकदा वहीत खोटं कारण शिरलं की उद्या कुणाला काय विचारणार?

मग एका काकूंनी विचारलं, "हा रमीचा नाद तर नाही ना?" प्रश्न रास्त होता. मोबाइलवर पैसे लावून खेळून कर्जात बुडालेली माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली. माझ्या पोराला हवे होते ते खेळ वेगळे, व्हॅलोरंट, जीटीए फाइव्ह असले. त्यात जिंकून पैसे मिळत नाहीत आणि हरून जात नाहीत. वेळ मात्र जातो, ते मी बैठकीतच कबूल केलं.

पोरानं दोन सुट्ट्यांत लोणावळ्याला चिक्कीच्या दुकानात काम करून १८,००० रुपये जमवले होते. मी २०,००० मागितले. गटानं दिले, शेकडा १ रुपया व्याजानं, २० हप्त्यांत. पण एक अट घातली. पोरानं सामानाची यादी घेऊन यायचं आणि कुठली वस्तू कशाला, ते सगळ्यांना समजावून सांगायचं.

आला बिचारा घाम पुसत. त्या तासाभरात मला जे कळलं ते आज तुम्हाला सांगते.

कॉम्प्युटर तयारही मिळतो, आणि सुटे भाग आणून घरीही जोडता येतो. जोडला तर प्रत्येक भाग आपल्या पसंतीचा, प्रत्येकाची वॉरंटी वेगळी, आणि पुढे एकेक भाग बदलता येतो. प्रोसेसर म्हणजे हिशोब करणारा भाग. सगळे भाग ज्या पाटीवर बसतात तो मदरबोर्ड. रॅम म्हणजे कामापुरती आठवण, एसएसडी म्हणजे कायमची साठवण. खेळातली चित्रं भराभर काढतं ते ग्राफिक्स कार्ड. या सगळ्यांना वीज पुरवणारा डबा म्हणजे एसएमपीएस. आणि हे सगळं ज्या पेटीत बसतं ते कॅबिनेट.

पोराच्या यादीत निम्मे पैसे एकट्या ग्राफिक्स कार्डाला होते. कॅबिनेट काचेचं, आत रंगीत दिवे. आमच्या गटात एक काकू पिठाची गिरणी चालवतात. त्यांनी यादीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "यात सगळ्यात स्वस्त काय आहे?" पोरगा म्हणाला, "एसएमपीएस, ७०० रुपये." काकू म्हणाल्या, "म्हणजे वीज जिथून सगळ्यांना जाते तेच स्वस्तातलं? माझ्या गिरणीला कुणी बारीक वायर टाकली असती तर मी त्याला दारात उभा केला नसता."

पोराला उत्तर सुचेना. मला मात्र माझ्या भाच्याची गोष्ट आठवली. त्यानं एका दुकानातून दिव्यांचा झगमगाट असलेला तयार कॉम्प्युटर घेतला होता. वळवाच्या पावसात वीज गेली, आली, आणि आतून जळका वास आला. एसएमपीएस बिननावाचा होता. स्वतः गेला तो गेला, मदरबोर्डही घेऊन गेला.

आपल्या घरात वीज येते २३० व्होल्टची. आतल्या भागांना लागते १२, ५ आणि ३.३ व्होल्ट. हा फरक एसएमपीएस करतो. चांगला असेल तर दाब वेडावाकडा झाल्यावर स्वतःला बंद करून घेतो. हलक्या डब्यावर ४५० वॅट छापलेलं असलं तरी तेवढं तो देईलच असं नाही. '८० प्लस' असा शिक्का बघावा. वीज उष्णतेत फार वाया जात नाही, एवढंच तो शिक्का सांगतो, म्हणून कंपनीचं नाव आणि वॉरंटीची वर्षंही बघायची. पाच वर्षांची वॉरंटी देणारे एसएमपीएस मिळतात.

आता यादी बदलायची म्हटल्यावर पैसे आणायचे कुठून? तिथे पोरानंच डोकं चालवलं. काही प्रोसेसरच्या पोटातच चित्र काढायची सोय असते. त्यानं एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००जी निवडला. नावापुढचा तो 'जी' महत्त्वाचा. नुसता ५६०० घेतला तर ग्राफिक्स कार्डाशिवाय पडद्यावर काही दिसत नाही. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी नुसतं 'एफ' असेल तर तीच गत. दुकानदार म्हणतो हा थोडा स्वस्त आहे, आणि घरी आल्यावर पडदा काळा. आम्ही ग्राफिक्स कार्ड यादीतून काढलं. मदरबोर्डवर त्याची जागा रिकामी ठेवली आणि एसएमपीएस ५५० वॅटचा घेतला, म्हणजे पुढे मध्यम कार्ड बसवलं तरी तो बदलायला नको. त्याचे खेळ जरा कमी सेटिंगवर कार्डाशिवाय चालतात. पोराचं तोंड दोन दिवस उतरलेलं होतं, हेही सांगते.

दुसरी खबरदारी, भाग एकमेकांत बसतात का ते बघायचं. एका कंपनीच्या मिक्सरचं भांडं दुसऱ्याच्या मिक्सरवर बसतं का? तसंच. हा प्रोसेसर एएम-४ नावाच्या खाचेत बसतो, त्याला मदरबोर्ड त्याच खाचेचा हवा. त्यावर रॅम डीडीआर-४ जातीची. डीडीआर-५ नवी असली तरी तिची खाच वेगळ्या जागी असते, ती बसतच नाही. आणि १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घ्याव्यात. चित्राचं कामही रॅमवरच चालणार असेल तर याचा फरक खेळताना दिसतो.

मॉनिटर ओळखीतला जुना घेतला. तो समोर चालू करून पाहता येतो, म्हणून मला त्यात धोका वाटला नाही. जुना एसएमपीएस मात्र मी कुणाकडून फुकटही घेणार नाही. भाव मुद्दाम सांगत नाही. ते फार बदलतात, रॅमचे तर विचारूच नका.

सामान आणायला मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे ग्रँट रोड स्टेशनाजवळचा, नावाजलेला. पोराला तिकडेच जायचं होतं. मी म्हटलं, भाग बिघडला तर वॉरंटीसाठी पुन्हा घेऊन जायचाय. कामशेतहून पुण्याची लोकल पकडली तर तेवढं काम दुपारपर्यंत उरकतं. म्हणून पुण्यातूनच घेतलं. पक्कं बिल घेतलं, त्यावर जीएसटी नंबर आणि प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर. खोके फोडताना मोबाइलवर चित्रण केलं. रिकामे खोके माळ्यावर आहेत, वॉरंटी संपेपर्यंत टाकायचे नाहीत. दुकानदार दाद देत नसेल तर ग्राहकांसाठी १९१५ हा सरकारी फोन नंबर आहे, लिहून ठेवा.

एक खर्च यादीत नव्हताच. घरातल्या पॉइंटला भोकं तीन, पण तिसऱ्याला मागे वायरच जोडलेली नाही, असं वायरमननं तपासल्यावर निघालं. इतकी वर्षं आम्ही फ्रिज तसाच वापरत होतो! अंगणात खड्डा खणून, कोळसा-मीठ घालून अर्थिंग करून घेतलं. शिवाय एक छोटा यूपीएस. त्यावर खेळायचं नसतं. वीज गेली की पाच-दहा मिनिटांत कॉम्प्युटर नीट बंद करायचा, एवढ्यासाठी तो. या दोन्हींना माझे साधारण ५,००० गेले. पण भाच्याच्या घरचा तो वास मी विसरले नव्हते.

जोडताना आधी हात कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला लावायचा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरते. जोडून झाला, बटण दाबलं, पंखे फिरले, पडदा काळाच. पोरगा रडकुंडीला आला. रॅमची पट्टी पुरती बसली नव्हती. बंद करून, वायर काढून, पुन्हा दाबली. दोन्ही टोकांना टक आवाज आला, तेव्हा चित्र दिसलं.

हा त्याचा पहिला पावसाळा. आपल्याकडे आषाढात पापड मऊ पडतात, कपड्यांना बुरशी येते, तर कॉम्प्युटर कसा सुटेल? जमिनीवर ठेवायचा नाही, ओलीच्या भिंतीपासून हातभर दूर, आणि रोज थोडा वेळ चालू करायचा, म्हणजे त्याच्याच उबेनं आतली ओल जाते. प्लास्टिकमध्ये गुंडाळलात तर ओल आतच कोंडते. विजा कडाडायला लागल्या की यूपीएससकट सगळं भिंतीतून काढून ठेवायचं.

वीजबिलाची भीती मला होती. खेळताना मॉनिटरसकट शंभर-सव्वाशे वॅट लागतात, म्हणजे आठ-दहा तासांना एक युनिट. कार्ड बसवलं की हे दुपटीच्या वर जाईल. ते पैसे त्यानं द्यायचे, असं ठरलं आहे.

गटाचे ११ हप्ते राहिले आहेत. कार्डाची जागा अजून रिकामीच आहे. आणि आता आमच्याकडे दुसरा अर्ज आला आहे, एका ताईंच्या मुलीचा. पुढच्या बैठकीला ती यादी आणणार आहे. गिरणीवाल्या काकूंनी तिला आधीच निरोप धाडलाय, एसएमपीएस कुठल्या कंपनीचा ते ठळक अक्षरात लिहून आण.