डोळ्यातला कोंडा

मोतीबिंदू आपल्याला ठाऊक आहे, काचबिंदूचं नावही कानावर आलेलं असतं. आज आम्ही बोलणार आहोत ते या दोघांच्या आडोशाला लपणाऱ्या एका दुखण्याबद्दल. डॉक्टर त्याला स्यूडोएक्सफोलिएशन म्हणतात. नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल, आमचीही जीभ अडखळते. आपण त्याला डोळ्यातला कोंडा म्हणू.

केसात कोंडा होतो तसे पांढुरके कण डोळ्याच्या आत, भिंगावर आणि बाहुलीच्या कडेला साचतात. धुऊन ते निघत नाहीत. डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होतं, आसवं नव्हेत ती, आणि बारीक जाळीतून वाहून जातं. मोरीच्या जाळीत भात अडकला की पाणी तुंबतं ना, तसंच या कोंड्यानं होतं. दाब वाढतो, मागची नस सुकत जाते. हाच काचबिंदू. कोंडा असलेल्या प्रत्येकीला तो होतोच असं नाही. पण झाला तर बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही, आणि गेलेली नजर कुठल्याच ऑपरेशननं परत येत नाही.

हे दुर्मीळ आहे का? नागपूरकडच्या आठ खेड्यांत २००६ ते २००९ या काळात तिशीपुढच्या ४,७११ जणांचे डोळे तपासले. शंभरात साधारण दीड जणाला कोंडा निघाला. दक्षिण तामिळनाडूच्या खेड्यांत चाळिशीपुढच्या लोकांत शंभराला सहा निघाले. वय वाढतं तसं प्रमाणही वाढतं.

मग आपल्याला माहीत कसं नाही? कारण पुष्कळदा तो बाहुलीमागे झाकलेला असतो. थेंब घालून बाहुली मोठी करायची, मग यंत्राखाली बघायचं, तेव्हा सापडतो. आणि थेंबांनाच तर आपण नको म्हणतो! चार-सहा तास धूसर दिसतं, कांदा निवडायची हजेरी बुडते, एसटी चुकते. अक्षरं वाचली, चष्म्याचा नंबर मिळाला, की झाली तपासणी.

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर हे आधी कळणं फार गरजेचं. कोंड्यामुळे भिंग धरून ठेवणारे धागे कमजोर होतात, बाहुलीही पुरती उघडत नाही. डॉक्टरांना आधी माहीत असलं की ते तयारीनं हात घालतात.

म्हणून शिबिरात किंवा साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दोन गोष्टी तोंडानं विचारा: डोळ्याचा दाब मोजला का? बाहुली मोठी करून बघितलं का? कोंडा निघाला तर दर वर्षी, किंवा डॉक्टर सांगतील तेव्हा, दाब मोजायचा. वाढला तर थेंब, लेसर, नाहीतर ऑपरेशन. थेंब सुरू झाले की आपल्या मनानं बंद करायचे नाहीत.

आमच्या गटात आता शिबिराला जोडीनंच जायचं ठरलंय. एकीच्या डोळ्यात थेंब, दुसरीकडे तिची पिशवी आणि एसटीची वेळ. पुढच्या खेपेला जोडी उलटी.