आनंदीबाईंच्या कल्याणात आपले स्वागत

सन्माननीय परिषदाध्यक्ष, उद्घाटक महोदय, गावोगावहून आलेले छातीविकारतज्ज्ञ आणि पहाटेची लोकल पकडून आलेले निवासी डॉक्टर,

मी धान्याचा व्यापारी. सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आखडण्याच्या आजाराच्या, परिषदेला स्वागताध्यक्ष म्हणून मीच का, हे स्वागत समितीला ठाऊक. वर्गणी मागायला मी लाजत नाही, हे एक कारण असावे.

समोर ठाणेकर मंडळी बसली आहेत. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली आगगाडी बोरीबंदराहून ठाण्याला आली, हे ती जेवताना सांगणारच. म्हणून मीच सांगून टाकतो. पुढच्याच वर्षी, १८५४ च्या मे महिन्यात, गाडी कल्याणला आली आणि पुढे इथूनच तिचे दोन फाटे फुटले, एक बोरघाटाकडे, दुसरा थळघाटाकडे. कल्याण जंक्शन झाले ते त्यामुळे. त्याच्याही दोनशे वर्षे आधी, १६५७ मध्ये, शिवछत्रपतींनी हे बंदर घेतले. दुर्गाडी किल्ला आजही खाडीवर उभा आहे. वेळ काढून पाहून यावा, रिक्षावाल्याला नुसते ‘दुर्गाडी’ म्हटले की पुरे. डोंबिवलीकरांनी रुसू नये. गुढीपाडव्याच्या ज्या शोभायात्रा आता महाराष्ट्रभर निघतात, त्यांची सुरुवात त्यांच्याच गावची, हे मी कल्याणकर असूनही मान्य करतो.

पण खरे सांगायचे आहे ते आमच्या सार्वजनिक वाचनालयाबद्दल. स्थापना १८६४. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय मोठेच. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भाव्यांचा हात त्याला लागला. पण ते १८९३ चे, म्हणजे आम्ही एकोणतीस वर्षांनी थोरले. कार्यवाह मघापासून घड्याळ दाखवताहेत, तरी एवढे सांगू द्यावे. शाळकरी वयात मी तिथे फुकट वर्तमानपत्रे वाचायला जायचो. पेपर लाकडी पट्टीत अडकवलेले असत आणि क्रीडापानासाठी आम्ही रांग लावायचो. माझे शिक्षण जे काही झाले, ते तिथेच.

या वाचनालयाच्या दुसऱ्याच वर्षी, ३१ मार्च १८६५ रोजी, कल्याणच्या जोशी घराण्यात यमुना जन्मली. तीच पुढे डॉक्टर आनंदीबाई झाली, हे सर्वांना माहीत आहे. कादंबरी आहे, सिनेमा आहे. पण त्या आपल्याच विषयाच्या रुग्ण होत्या, हे कुणी फारसे बोलत नाही. क्षयाचे जंतू सापडल्याचे कॉख यांनी बर्लिनमध्ये जाहीर केले मार्च १८८२ मध्ये. आनंदीबाई अमेरिकेला निघाल्या एप्रिल १८८३ मध्ये. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयानेच त्या गेल्या. बाविसावा वाढदिवस महिन्यावर आला होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातली जागा त्यांची वाट पाहत राहिली. जंतू माहीत होता, औषध नव्हते. आता औषध आहे. पण क्षय बरा झाल्यावरही अनेकांचे फुफ्फुस अधू राहते आणि पुढे दम लागत राहतो, हे मला आपल्या कार्यक्रमपत्रिकेतल्या एका निबंधावरून कळले. आमच्या चाळींतून असे किती असतील!

तीच पत्रिका वाचताना आणखी एक गोष्ट कळली. डुपिलुमॅब हे इंजेक्शन सीओपीडीसाठी अमेरिकेने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केले. रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जास्त असलेल्या, श्वासाने ओढायचा पंप नियमित घेऊनही दम उसळणाऱ्या रुग्णांत त्याने हे उसळणे सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाले म्हणतात. आनंद आहे. मात्र आमच्या बाजारपेठेतले हमाल अजून पंपालाच बिचकतात. सवय लागेल म्हणतात आणि खोकल्याच्या बाटलीवर भागवतात. फुफ्फुस तपासायचे ते नळीत फुंकायचे मशीन त्यांच्यापर्यंत कधी येणार, यावर एखादे सत्र ठेवावे, अशी व्यापाऱ्याची विनंती.

आता उणिवांकडे. आज रविवार, मेगाब्लॉक. उशिरा पोहोचलेल्यांची क्षमा मागतो. बाहेर रस्ता खोदलेला आहे. मागल्या रांगांत पंख्याचा वारा लागत नाही. राहण्याच्या खोल्यांत आमच्या स्वयंसेवकांनी प्रेमाने डासांच्या कॉइल ठेवल्या होत्या. एका कॉइलमधून पंचाहत्तर ते एकशे सदतीस सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेले संशोधन आपल्यातल्याच एका डॉक्टरांनी काल रात्री दाखवले आणि आम्ही खोल्याखोल्यांतून कॉइल गोळा केल्या. त्यामुळे रात्री ज्यांना डास चावले, त्यांची वेगळी क्षमा. आचाऱ्यांची लाकडाची चूलही ऐन वेळी रद्द करावी लागली. धूम्रपान न करणाऱ्यांनाही चुलीच्या धुराने सीओपीडी होतो, असे पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले होते, तो लेख आचाऱ्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, मसालेभाताला चव येणार नाही. तशी ती आली नसल्यास दोष विज्ञानाचा.

आभार मानायचे तर बाजारपेठेतल्या साखरवाल्यांचे, तेलवाल्यांचे. पिशव्या देऊन नाव छापू नका म्हणणाऱ्या गृहस्थांचे, आणि छापाच म्हणणाऱ्यांचेही. मंडपवाल्यांचे, ज्यांचे मागचे बिल अजून बाकी आहे. रात्रभर बिल्ल्यांना दोरे ओवणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींचे. आणि आमच्या घरातल्या मंडळींचे, ज्यांनी चाळीस पाहुण्यांचे अंथरूण-पांघरूण पुरवले. सर्व देणगीदारांची नावे फलकावर आहेत. एखादे राहिले असल्यास मला भेटावे, कार्यवाहांना नको.

उद्घाटकांनी दीपप्रज्वलन करावे. समईच आहे, उदबत्त्या आम्ही काढल्या. जेवणाची कुपने पिशवीच्या आतल्या कप्प्यात आहेत.