परसातला वाल आणि मावा



थंडी पडली, वालाला फुले आली, की कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा बसतो. पाने आकसतात, चिकट होतात, त्यांवर काजळी धरते. म्हणून घाईने जहाल औषध मारू नये. याच वेलाच्या शेंगा आपण दिवसाआड तोडून मुलांच्या पानात वाढतो.

मावा थोडा असेल तर शेंडे खुडावे, पाण्याची जोराची धार मारावी. फार असेल तर ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवाव्या. दुसरे दिवशी फडक्याने गाळून, चिमूटभर साबणचुरा घालून, उन्हे उतरल्यावर पानांच्या पाठीवर फवारावे. आठवड्याने पुन्हा तसेच करावे.

लाल पाठीवर काळे ठिपके असलेला किडा दिसला तर त्याला जपावे. तो व त्याची अळी मावाच खातात. जहाल औषधाने आधी हे राखणदार मरतात आणि मावा पुन्हा माजतो. मुंग्यांची रांग मात्र मोडावी. गोड चिकट्याच्या लोभाने त्या माव्याला सांभाळतात.

वेल वाचवावा, पण घरच्या ताटाला विष लागू देऊ नये, एवढीच विनंती.