हुशार आहे, पण बसत नाही!

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या पालक मेळाव्यातील भाषण)



मी कापडाचा व्यापारी, शिक्षण बी.कॉम. शिक्षणशास्त्रावर बोलण्याचा अधिकार मला नाही. तथापि गेली काही वर्षे सायंकाळी दुकानामागील खोलीत पिंगळीतील दोन-चार मुलांचा अभ्यास घेतो, त्या अनुभवावरून चार शब्द मांडतो.

या कामाचे मूळ माझ्या एका चुकीत आहे. माझा धाकटा मुलगा लहानपणी पावणेतीन मीटर कापडाची किंमत माझ्याआधी तोंडी सांगे. परंतु गृहपाठाची वही उघडली की दहा मिनिटांत उठे. मी त्यास आळशी म्हटले, प्रसंगी हातही उगारला. ते बोल त्याला अखेर खरे वाटू लागले. दहावीनंतर त्याने शिक्षण सोडले. आज तो दुकान उत्तम सांभाळतो; पण माझा नातू वही घेऊन बसला की तो उठून बाहेर जातो. त्याला काय आठवते, हे मला ठाऊक आहे.

बुद्धी आणि अवधान या दोन भिन्न शक्ती आहेत. आपण ४८ मिनिटांच्या सामायिकास बसतो, तेव्हा आपले मन किती वेळा गल्ल्यापाशी जाऊन येते? मग आठ वर्षांच्या बालकाकडून अढळ एकाग्रतेची अपेक्षा कशी करावी?

काही मुलांत ही चंचलता मेंदूच्या जडणघडणीतूनच येते, असे वैद्यकशास्त्र सांगते. तिची लक्षणे बाराव्या वर्षाआधी दिसू लागतात. ती घरी व शाळेत दोन्हीकडे सहा महिन्यांहून अधिक काळ टिकली आणि अभ्यासात अडथळा येऊ लागला, तर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. डोळे व कानही तपासून घ्यावेत. वाचन-लेखनाची अडचण ही वेगळी बाब. २००७ साली आलेल्या 'तारे जमीन पर' या चित्रपटाने ती घरोघरी पोहोचविली, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश झाला. कधी दोन्ही अडचणी एकाच मुलात असतात. मात्र प्रत्येक चंचल मूल आजारी नसते, हेही ध्यानात ठेवावे.

माझी पद्धत साधी आहे. थान कितीही मोठे असो, गिऱ्हाइकाला आपण मापानेच कापून देतो. तसाच गृहपाठही तुकड्यांत द्यावा. पाच गणिते झाली की मुलाने उठावे, पाणी प्यावे, पुन्हा बसावे. समोर घड्याळ असावे. मोबाईल व दूरदर्शन बंद असावेत. मोठ्यांनी शेजारी बसावे, पण त्याच्या वहीत स्वतः लिहू नये. पूर्ण झालेल्या कामाची शाबासकी तत्काळ द्यावी. ही उधारी ठेवू नये. प्रगती सावकाश होते. कित्येक दिवस काहीच होत नाही. तरीही दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे लागते.

अखेरीस विश्वस्त मंडळास नम्र विनंती. सायंकाळी एक तास संस्थेची एक खोली अशा मुलांसाठी उघडी ठेवावी. आपल्यासारख्या निवृत्तीकडे झुकलेल्या चौघांनी आळीपाळीने तेथे बसावे. पहिली पाळी माझी. माझ्या मुलाच्या शेजारी मी बसलो नाही; निदान इतरांच्या मुलांच्या शेजारी तरी बसावे, एवढीच इच्छा आहे.